बदल केला, कंपाइलही झालं, तरी गेममध्ये काहीच फरक नाही: अनरियलमध्ये सी प्लस प्लस सुरू करताना

अनरियल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सी प्लस प्लस लिहायला घेतलेल्या माणसाचा पहिला अडथळा क्वचितच सी प्लस प्लसचा असतो. तक्रार साधारण अशी येते: "दाराचा वेग १२० वरून ३०० केला, कंपाइल यशस्वी म्हणतंय, पण दार आधीच्याच वेगानं सरकतंय." किंवा तिचीच बहीण: "काल रात्री सगळं चालत होतं, सकाळी एडिटर उघडला तर नवं व्हेरिएबल गायब." किंवा, "कॉम्पोनंटवर क्लिक केलं की डिटेल्स पॅनेल कोरं." (कॉम्पोनंट म्हणजे वस्तूचा एक भाग, डिटेल्स पॅनेल म्हणजे त्याचे गुण दाखवणारी खिडकी.) मग माणूस कोड पाच वेळा वाचतो. कोडात चूक नसतेच, त्यामुळे ती सापडतही नाही. शेवटी वैतागून नवा प्रोजेक्ट उघडतो, फाइली तिकडे चिकटवतो, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

हा त्रास मी स्वतः इतका काढलाय आणि दुसऱ्यांच्या शेजारी बसून इतक्या वेळा सोडवलाय, की आता माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आत्ता चालतेय ती कुठली प्रत आहे?

कारण अनरियलमध्ये तुमच्या एकाच आकड्याच्या एका वेळी पाच प्रती असू शकतात. पहिली, तुम्ही लिहिलेल्या सोर्स फाइलमधली. दुसरी, त्यातून बिल्ड होऊन डिस्कवर बसलेल्या डीएलएलमधली, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडाच्या फाइलमधली. तिसरी, उघड्या एडिटरनं मेमरीत घेतलेली, जिला मधूनच ठिगळ लागलेलं असू शकतं. चौथी, ब्लूप्रिंटच्या, म्हणजे तुमच्या क्लासवरून एडिटरमध्ये काढलेल्या रूपाच्या, फाइलमध्ये सेव्ह झालेली. आणि पाचवी, लेव्हलमध्ये मांडलेल्या त्या एका दाराची स्वतःची. तुम्ही पहिली बदलता आणि पाचवीकडे बघत बसता. मधली एखादी जरी मागे राहिली तरी पडद्यावर जुनंच दिसणार.

आधी खूण लावा

कसलंही औषध देण्याआधी हे करा. ज्या क्लासबद्दल शंका आहे त्याच्या बिगिनप्ले फंक्शनमध्ये (जे वस्तू खेळात उतरताना एकदा चालतं) पडद्यावर एक आकडा छापणारी ओळ टाका. त्यासाठी इंजिनमध्ये 'ॲड ऑन स्क्रीन डीबग मेसेज' हे तयार फंक्शन आहे. पडद्यावर नको असेल तर लॉगमध्ये छापा. आज १७ लिहिलंत तर पुढच्या बदलाला १८, त्यापुढच्याला १९. इतकं साधं. मी तर अडलेल्या क्लासमध्ये ही ओळ आठवडाभर तशीच ठेवतो.

आता गेम चालवा. तीनच शक्यता आहेत. जुना आकडा दिसला, म्हणजे डीएलएल किंवा मेमरीतली प्रत जुनी आहे. तुमच्या तर्काला हातही लावू नका. नवा आकडा दिसला पण वागणूक जुनीच, म्हणजे कोड नवा चालतोय आणि व्हॅल्यू कुठून तरी जुनी येतेय. आणि काहीच छापलं गेलं नाही, तर बहुधा तुमचा क्लास चालतच नाहीये (खूण पहिल्यांदाच टाकली असेल तर डीएलएल जुनी असण्याचीही शक्यता आहे). या तीन आजारांची औषधं पूर्णपणे वेगळी आहेत. बहुतेक लोक तिन्हींना एकच औषध देतात, बिल्डच्या मधल्या फाइलींचं इंटरमीडिएट फोल्डर उडवायचं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

जुना आकडा दिसला तर

इथे सगळ्यात जास्त वेळा सापडणारा आरोपी म्हणजे लाइव्ह कोडिंग. म्हणजे खरं तर लाइव्ह कोडिंगबद्दलची आपली चुकीची समजूत.

थोडा इतिहास इथे उपयोगाचा आहे. अनरियल ४ च्या सुरुवातीच्या काळात हॉट रीलोड नावाची सोय होती: एडिटर उघडा असतानाच नवी डीएलएल बनायची, तिच्या नावापुढे एक क्रमांक लागायचा, आणि जुन्या क्लासच्या जागी नवा बसवायचा प्रयत्न व्हायचा. तो प्रयत्न अनेकदा फसायचा. २०१९ साली, ४.२२ या आवृत्तीत लाइव्ह कोडिंग आलं. ते वेगळ्या पद्धतीनं काम करतं: चालू प्रोग्रामच्या मेमरीत बदललेल्या फंक्शनांचं ठिगळ लावतं. अनरियल ५ मध्ये, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, ते सुरुवातीपासूनच चालू असतं. त्यामुळे तुम्ही बघत असलेला शिकवणीचा व्हिडिओ जुना असेल तर त्यातला "टूलबारवरचं कंपाइल बटण दाबा" हा सल्ला आणि तुमच्या एडिटरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातलं छोटं चिन्ह, या दोन गोष्टी दिसायला भाऊ असल्या तरी स्वभावानं वेगळ्या आहेत.

मुद्दा असा, की ठिगळ मेमरीत लागतं. डिस्कवरची मूळ डीएलएल तशीच राहते. एडिटर बंद केला की ठिगळ गेलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रोजेक्ट फाइलवर डबल क्लिक करून एडिटर उघडता, तो बिचारा डिस्कवरची जुनी डीएलएल उचलतो, आणि तुम्हाला वाटतं की रात्रीत कोणीतरी काम पुसलं.

यात माझं स्वतःचं एकदा चांगलंच नुकसान झालं, आणि चूक सर्वस्वी माझी होती. दिव्याच्या खांबाचा एक क्लास होता. संध्याकाळी त्याला 'प्रकाशाची कक्षा' असं नवं व्हेरिएबल जोडलं, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ११ दाबून लाइव्ह कोडिंग केलं, डिटेल्स पॅनेलमध्ये ते दिसायलाही लागलं. मग लेव्हलमधल्या प्रत्येक खांबाला त्याच्या जागेप्रमाणे वेगळी कक्षा दिली. चाळीसेक खांब असतील. सेव्ह केलं, झोपलो. सकाळी डबल क्लिक. जुन्या डीएलएलमध्ये ते व्हेरिएबलच नाही. त्यामुळे लेव्हल वाचताना इंजिननं त्या व्हॅल्यू अनोळखी म्हणून सोडून दिल्या. इथपर्यंतही काही बिघडलं नव्हतं, कारण फाइलीत त्या अजून होत्या. तेव्हाच एडिटर बंद करून बिल्ड केलं असतं तर सगळे खांब जागच्या जागी परत मिळाले असते. मी काय केलं? एक भिंत थोडी सरकवली आणि 'सेव्ह ऑल' दाबलं. आता फाइलीतूनही गेलं.

म्हणून पहिला नियम पाठ करून टाका: एखादं व्हेरिएबल किंवा कॉम्पोनंट अचानक गायब दिसलं तर सर्वात आधी काहीही सेव्ह करू नका. एडिटर बंद करा, सेव्ह करायचं का असं विचारलं तर नाही म्हणा, व्हिज्युअल स्टुडिओतून (कोड लिहायच्या आणि बिल्ड करायच्या प्रोग्राममधून) पूर्ण बिल्ड करा आणि मगच उघडा.

दुसरा नियम थोडा कंटाळवाणा आहे, पण माझे बरेच तास त्यानं वाचवले. सीपीपी फाइलीतल्या एखाद्या फंक्शनच्या पोटात बदल असेल, म्हणजे गणित बदललं, एखादी अट घातली, तर लाइव्ह कोडिंग बिनधास्त वापरा; त्यासाठीच ते आहे. हेडर फाइलीला हात लागला, नवं यूप्रॉपर्टी किंवा यूफंक्शन (व्हेरिएबल किंवा फंक्शन इंजिनला दाखवणारा शिक्का) आलं, किंवा कन्स्ट्रक्टर (वस्तू बनताना चालणारं फंक्शन) बदलला, तर एडिटर बंद. अनरियल ५ चं लाइव्ह कोडिंग क्लासची रचना बदलली तरी जुन्या वस्तूंच्या जागी नव्या बसवायचा प्रयत्न करतं, आणि पुष्कळदा ते जमतंही. पण "पुष्कळदा" या शब्दावर लेव्हल सेव्ह करण्याची माझी तरी हिंमत नाही. एडिटर बंद करून उघडायला जाणारी दोन-तीन मिनिटं मी हसत देतो.

एडिटर उघडा ठेवून व्हिज्युअल स्टुडिओतून बिल्ड करायला गेलात तर लाइव्ह कोडिंग चालू असताना बिल्ड करता येत नाही, एडिटर बंद करा, असा निरोप येतो. तो निरोप आहे, एरर नव्हे. त्याला घाबरून लाइव्ह कोडिंग बंद करून टाकणारे आणि मग पुन्हा हॉट रीलोडच्या तोंडी जाणारे मी पाहिलेत. आगीतून फुफाट्यात.

आरोपी क्रमांक दोन: बिल्डची जात. व्हिज्युअल स्टुडिओच्या वरच्या पट्टीत एक यादी असते: डेव्हलपमेंट, डेव्हलपमेंट एडिटर, डीबगगेम, डीबगगेम एडिटर वगैरे. एडिटरमध्ये काम करायचं तर नावात 'एडिटर' असलेलीच जात हवी. नुसतं 'डेव्हलपमेंट' बिल्ड केलंत तर स्वतंत्र गेमचा प्रोग्राम बनतो. एडिटरची डीएलएल होती तिथेच राहते. बिल्ड यशस्वी, एररचं नावही नाही, आणि बदल शून्य. डीबगगेम एडिटरची गंमत आणखी बारीक आहे. त्याची डीएलएल वेगळ्या नावाची असते. व्हिज्युअल स्टुडिओतून चालवलं तर ती उचलली जाते, पण प्रोजेक्ट फाइलवर डबल क्लिक केलं तर डेव्हलपमेंट एडिटरची जुनी उचलली जाते. म्हणजे एकाच दिवशी, एकाच मशीनवर, तुम्ही एडिटर कुठल्या दारानं उघडता यावर तुमचा कोड नवा की जुना हे ठरतं. नवखा माणूस यात वेडा होतो. सुरुवातीचे काही महिने एकच जात वापरा, डेव्हलपमेंट एडिटर, आणि उघडतानाही नेहमी व्हिज्युअल स्टुडिओतूनच उघडा.

तिसरा आरोपी फार भोळा दिसतो. बिल्ड फसलं की व्हिज्युअल स्टुडिओ विचारतो, शेवटचं यशस्वी बिल्ड चालवू का? घाईत आपण 'हो' म्हणतो. कोणीतरी कधीतरी 'हा प्रश्न पुन्हा विचारू नका' यावर टिकही केलेलं असतं. मग बिल्ड रोज फसतं आणि रोज मुकाट्यानं जुनं चालतं. पर्यायांत जाऊन, बिल्ड फसल्यास 'चालवू नका' असं लावून ठेवा.

एरर वाचायची कुठे

वरच्या प्रकारात एरर खरोखर असेल तर ती वाचता यायला हवी, आणि इथे व्हिज्युअल स्टुडिओची एरर लिस्ट नव्या माणसाला हमखास चकवते. त्या यादीत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते: कंपायलरनं दिलेल्या खऱ्या एरर, आणि तुम्ही टाइप करत असताना इंटेलिसेन्सनं बांधलेले अंदाज. अनरियलचे मॅक्रो, म्हणजे यूप्रॉपर्टीसारखे शिक्के, इंटेलिसेन्सला नेहमी झेपतातच असं नाही. लाल नागमोडी रेषांनी भरलेली फाइल बिनबोभाट कंपाइल होऊ शकते. यादीच्या वरच्या कोपऱ्यात फक्त बिल्डच्या एरर दाखवण्याचा पर्याय असतो, तो निवडा. त्याहून चांगलं म्हणजे आउटपुट खिडकी उघडा आणि वरून खाली वाचत पहिली एरर शोधा. शेवटची नव्हे. सगळ्यात खाली एमएसबी ३०७३ अशी ओळ दिसते आणि लोक तीच कॉपी करून मदत मागतात. ती ओळ फक्त एवढंच सांगते की बिल्ड करणारी आज्ञा अयशस्वी झाली. का झाली ते वर कुठेतरी लिहिलेलं असतं.

वर बहुधा तीनांपैकी एक सापडतं. एक, 'जनरेटेड डॉट एच' नावाची फाइल हेडरमध्ये शेवटची इन्क्लूड नाही. तुमचा कोड कंपायलरकडे जाण्याआधी अनरियल हेडर टूल नावाचं अवजार हेडर वाचतं, यूक्लास, यूप्रॉपर्टी, जनरेटेड बॉडी असे मॅक्रो टिपतं आणि त्यातून ही फाइल तयार करतं. तिच्या खाली दुसरी इन्क्लूड चालत नाही. घाईत यादीच्या तळाशी नवी ओळ चिकटवली की ही एरर ठरलेली.

दोन, एलएनके २०१९, म्हणजे लिंकरला फंक्शन सापडत नाही. इन्क्लूड बरोबर असते, कंपाइलही होतं, पण ज्या मॉड्यूलमध्ये (इंजिनच्या कोडाच्या कप्प्यात) तो क्लास राहतो त्याचं नाव तुमच्या 'बिल्ड डॉट सीएस' फाइलीत नसतं. नव्या प्रोजेक्टमध्ये कोअर, कोअरयूऑब्जेक्ट, इंजिन, इनपुटकोअर अशी मोजकी नावं आयती असतात. यूआयचे विजेट वापरायला लागलात की यूएमजी, शत्रूला चालवायला एआय कंट्रोलर घेतलात की एआयमॉड्यूल, कणांचे परिणाम आले की नायगारा, ही नावं आपणच जोडायची. कुठल्या क्लासला कुठलं मॉड्यूल हे इंजिनच्या अधिकृत संदर्भात त्या क्लासच्या पानावर दिलेलं असतं. हीच एरर आणखी एका कारणानं येते: हेडरमध्ये फंक्शन जाहीर केलं आणि सीपीपीत लिहायचं राहिलं. ब्लूप्रिंटनेटिव्हइव्हेंट असा शिक्का असलेल्या फंक्शनचा देह '_इम्प्लिमेंटेशन' अशी शेपटी लावूनच लिहावा लागतो, आणि पहिल्यांदा ते प्रत्येकजण विसरतो.

तीन, काल चालणाऱ्या फाइलीत आज अचानक 'ओळख नसलेलं नाव'. अनरियलचं बिल्ड टूल वेगासाठी अनेक सीपीपी फाइली एकत्र करून कंपाइल करतं, त्यामुळे शेजारच्या फाइलीची इन्क्लूड तुम्हाला फुकटात मिळून जाते. तुम्ही एखादी फाइल सध्या बदलत आहात असं त्या टूलला दिसलं की ते तिला गटातून बाहेर काढतं, आणि शेजारधर्म संपतो. उपाय सोपा: जे वापरता ते स्वतः इन्क्लूड करा.

नवा आकडा, पण वागणूक जुनीच

आता सुरुवातीच्या दाराकडे येऊ. खूण नवी छापली जातेय, म्हणजे कोड ताजा आहे. तरीही वेग ३०० ऐवजी २०० का?

हेडरमध्ये किंवा कन्स्ट्रक्टरमध्ये तुम्ही लिहिलेला आकडा ही फक्त सुरुवात असते. इंजिन प्रत्येक क्लासची एक नमुना-वस्तू बनवून ठेवतं, तिला क्लास डिफॉल्ट ऑब्जेक्ट म्हणतात. तुमच्या सी प्लस प्लस क्लासवरून ब्लूप्रिंट काढलं की त्या ब्लूप्रिंटचा स्वतःचा नमुना बनतो. लेव्हलमध्ये दार ठेवलं की ते त्या नमुन्यावरून बनतं. प्रत्येक पायरीवर फाइलीत फक्त फरक साठवला जातो: वरच्या नमुन्यापेक्षा जे वेगळं आहे तेवढंच.

आपल्या दाराची कुंडली मांडून बघा. कोडात वेग १२०. एका दुपारी ब्लूप्रिंटमध्ये तो सहज २०० करून पाहिला आणि सेव्ह झाला. आज कोडात ३०० केला. ब्लूप्रिंटनं '२००' हा फरक म्हणून जपून ठेवलाय, त्यामुळे तो २०० च देणार. आणि लेव्हलमधल्या एखाद्या दाराला कोणी १५० दिला असेल तर ते एक दार १५० नंच सरकणार, बाकीची २०० नं. यात बिघाड काहीच नाही, ठरल्याप्रमाणेच चाललंय. डिटेल्स पॅनेलमध्ये त्या ओळीच्या शेवटी मागे वळलेला छोटा बाण दिसतो का बघा. बाण दिसला म्हणजे ही व्हॅल्यू वरच्या नमुन्यापेक्षा वेगळी आहे. त्यावर क्लिक केलं की ती वरच्याच्या हवाली होते. आधी ब्लूप्रिंटमध्ये बघा, मग लेव्हलमधल्या दारावर.

एक खोच इथे आहे, जी समजायला मला बराच वेळ लागला. समजा ब्लूप्रिंटमध्ये ३०० आहे आणि तुम्ही कोडातही ३००च केला. मग ब्लूप्रिंट सेव्ह झालं की फरक उरत नाही, म्हणून तो फाइलीत लिहिलाच जात नाही. पुढे कधी कोडात ४०० केला तर ब्लूप्रिंटही निमूटपणे ४०० होईल. "मी तर ब्लूप्रिंटला हात लावला नव्हता" ही तक्रार तिथून येते.

म्हणून मी आता एक सवय लावून घेतलीय. डिझाइनचे आकडे, म्हणजे वेग, उंची, वेळ, हे ब्लूप्रिंटमध्येच बदलायचे आणि कोडातल्या आकड्याला विसरून जायचं. दोन्हीकडे बदलत राहिलो की कुणाचं राज्य आहे तेच कळत नाही. या सगळ्यावर कडी करतो तो बिगिनप्ले: तिथे वेग नेमला असेल तर वरच्या सगळ्या प्रती फुकट, गेम सुरू होताच त्याचंच चालणार. त्यामुळे व्हॅल्यू शोधताना बिगिनप्लेही एकदा वाचा.

काहीच छापलं गेलं नाही

हे लवकर उरकतं. बहुधा लेव्हलमध्ये तुमचा क्लास नसतोच. खेळाडूचा क्लास लिहिलाय, पण गेम मोडमध्ये (खेळाचे नियम ठरवणाऱ्या क्लासमध्ये) डिफॉल्ट पॉन, म्हणजे खेळाडू चालवतो ते पात्र, म्हणून दुसराच नेमलाय. किंवा प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये गेम मोड बरोबर आहे पण त्या लेव्हलच्या वर्ल्ड सेटिंग्जमध्ये वेगळा नेमला असल्यानं तोच जिंकतोय. कधी ब्लूप्रिंटचा पालक क्लासच वेगळा असतो. ब्लूप्रिंट उघडल्यावर वरच्या उजव्या कोपऱ्यात पालकाचं नाव लिहिलेलं असतं, ते बघा. उलट दिशेची तक्रारही ऐकायला मिळते, की सी प्लस प्लसमधलं बिगिनप्ले चालतं पण ब्लूप्रिंटमधलं नाही. तिथे तुम्ही सुपरचं, म्हणजे पालक क्लासचं, बिगिनप्ले बोलवायला विसरलेले असता. ब्लूप्रिंटच्या इव्हेंटला हाक ॲक्टर या, लेव्हलमध्ये मांडता येणाऱ्या वस्तूंच्या मूळ क्लासच्या, बिगिनप्लेमधून जाते. टिक (दर फ्रेमला चालणारं फंक्शन) चालत नसेल तर कन्स्ट्रक्टरमध्ये टिक चालू केलंय का ते पाहा.

डिटेल्स पॅनेल कोरं

कॉम्पोनंटच्या झाडात 'दाराचा मेश' (त्याचा त्रिमितीय आकार) दिसतो, त्यावर क्लिक केलं की उजवीकडे शुकशुकाट. याची दोन कारणं आहेत आणि क्रमानंच तपासायची. आधी हेडर बघा: त्या कॉम्पोनंटच्या पॉइंटरवर यूप्रॉपर्टी आहे का, आणि त्यात व्हिजिबलएनीव्हेअर लिहिलंय का? नसेल तर पॅनेल कोरं असणं हेच बरोबर आहे. एडिटएनीव्हेअर इथे नको. आपल्याला कॉम्पोनंटच्या आतले गुण बदलायचे असतात, अख्खा पॉइंटरच नव्हे.

ते ठीक असेल तर ब्लूप्रिंटच्या पोटात जुन्या कॉम्पोनंटचा संदर्भ अडकलाय, बहुधा हेडर बदलून लाइव्ह कोडिंग केल्यामुळे. एडिटर बंद करून पूर्ण बिल्ड केल्यावर बऱ्याचदा सुटतं. नाही सुटलं तर कन्स्ट्रक्टरमध्ये क्रिएटडिफॉल्टसबऑब्जेक्ट या कॉम्पोनंट बनवणाऱ्या फंक्शनला दिलेलं नाव थोडं बदला, 'दार' चं 'दारमेश' करा. ब्लूप्रिंटला तो नवाच कॉम्पोनंट वाटतो आणि गाठ सुटते. त्या कॉम्पोनंटवर लावलेला मेश आणि मटेरियल मात्र पुन्हा लावावं लागेल. शेवटचा उपाय म्हणजे फाइल मेनूतून ब्लूप्रिंटचा पालक तात्पुरता साधा ॲक्टर करायचा आणि परत आपला क्लास. त्यात तुमच्या क्लासच्या व्हॅल्यू गळून पडतात, म्हणून आधी डिटेल्स पॅनेलचा फोटो काढून ठेवा. हसू नका, मी खरंच काढतो.

फोल्डर उडवण्याबद्दल

बायनरीज आणि इंटरमीडिएट ही दोन फोल्डर उडवली तरी बिल्ड ती पुन्हा बनवतं. मग प्रोजेक्ट फाइलवर उजवी क्लिक करून व्हिज्युअल स्टुडिओच्या फाइली पुन्हा तयार करायच्या. फाइल हलवली, क्लास काढून टाकला, मॉड्यूलची यादी बदलली, तर याला अर्थ आहे. पण बरोबर सेव्ह्ड फोल्डरही उडवा असं जे सर्रास सांगितलं जातं, त्याआधी थांबा. त्यात ऑटोसेव्ह, लॉग आणि गेमचे सेव्ह असतात. म्हणजे ज्या दिवशी काही हरवलंय नेमकं त्याच दिवशी तुम्ही परतीची वाट पुसता. कंटेंट, कॉन्फिग आणि सोर्स यांना हात लावायचा नाही हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो.

एडिटर उघडतच नसेल आणि मॉड्यूल पुन्हा बनवता आलं नाही, हातानं बिल्ड करा, असं म्हणत असेल, तर त्याचा अर्थ बहुधा कोडात कंपाइलची एरर आहे इतकाच. व्हिज्युअल स्टुडिओत बिल्ड करून ती वाचा. बिल्ड होतंय पण एडिटर उघडता उघडता कोसळतोय, तर कन्स्ट्रक्टरवर संशय घ्या. नमुना-वस्तू मॉड्यूल चढतानाच बनते, म्हणजे तुमचा कन्स्ट्रक्टर गेम सुरू व्हायच्या कितीतरी आधी चालतो. तिथे जग नसतं, खेळाडू नसतो. गेटवर्ल्डकडून मिळालेला रिकामा पॉइंटर न तपासता वापरला की एडिटर तिथेच आडवा. एफ ५ दाबून डीबगरखाली चालवा, नेमक्या ओळीवर थांबेल. तो कोड बिगिनप्लेमध्ये हलवा.

मिनिटभरानं कोसळणारा गेम

शेवटचा प्रकार दिसायला वेगळा, पण तोही प्रतीचाच घोळ आहे. गेम सुरू होतो, छान चालतो आणि साधारण एक मिनिटानं कोसळतो. कधी कोसळतो, कधी नाही. ज्या ओळीवर डीबगर थांबतो ती अगदी निष्पाप असते.

न्यूऑब्जेक्टनं एक वस्तू बनवलीत, समजा खेळाडूची पिशवी, आणि साध्या पॉइंटरमध्ये ठेवलीत. त्या पॉइंटरवर यूप्रॉपर्टी नाही. इंजिनचा कचरा गोळा करणारा साधारण दर साठ सेकंदांनी फेरी मारतो आणि ज्या वस्तूंना कोणी धरून ठेवलेलं त्याला दिसत नाही त्या उचलतो. यूप्रॉपर्टी नसलेला पॉइंटर त्याला दिसतच नाही. पिशवी गेली, तुमच्या हातात पत्ता उरला, आणि त्या पत्त्यावर आता दुसराच कोणीतरी राहतो. वस्तू अजून शाबूत आहे का हे इझव्हॅलिडनं तपासून उपयोग नाही. ते तपासायलाही त्याच पत्त्यावर जावं लागतं. वस्तूंची यादी टीॲरेमध्ये ठेवली असेल तर तिच्यावरही यूप्रॉपर्टी हवं, आणि स्ट्रक्टच्या आत ठेवली असेल तर स्ट्रक्ट यूस्ट्रक्ट हवं आणि आतल्या पॉइंटरवरही शिक्का हवा.

संशय खरा आहे का हे बघायला मिनिटभर ताटकळत बसू नका. गेम चालू असताना कन्सोल उघडा आणि रोमन लिपीत ओबीजे, मग एक जागा सोडून जीसी असं टाइप करून एंटर करा. कचऱ्याची फेरी ताबडतोब होते. मग पिशवी उघडून बघा. आता लगेच कोसळला तर चोर सापडला. पॉइंटरवर यूप्रॉपर्टी लावा आणि तोच हुकूम पुन्हा देऊन पाहा. मात्र हा बदल हेडरमधला आहे, तेव्हा आधी एडिटर बंद करून बिल्ड.